दोडका फुलतो दिवेलागणीला!

परसात वेल मांडवभर पसरतो, पिवळी फुलं दाटून येतात आणि दोडका काही धरत नाही. नांदेड-लातूरकडच्या घरोघरी ही तक्रार ऐकू येते. खत कमी पडलं, दृष्ट लागली, बियाणं खोटं निघालं, असं काय काय मग बोललं जातं. वेलाचं वेळापत्रक मात्र कुणी बघत नाही.

आधी येतात ती नर फुलं. ती गळणारच. मादी फूल मागून येतं आणि त्याच्या पाकळ्यांखाली इवलासा दोडका तयारच असतो. पराग मिळाला नाही, की तोच पिवळा पडून गळतो. गंमत पुढेच आहे! काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी. दुधीची पांढरी फुलं अंधारात फिरणाऱ्या पतंगांसाठी असतात. भिंतींनी वेढलेल्या परसात पतंग फिरकत नसतील, तर दिवेलागणीला एक ताजं नर फूल खुडा, पाकळ्या मागे सारा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. थोड्याच दिवसांत फळ फुगायला लागतं. परसातलं इतकं सुख देणारं दुसरं काम मला ठाऊक नाही.

टोमॅटोची फुलगळ वेगळी. दिवसा 35 अंशांपुढे आणि रात्री 22 अंशांपुढे त्याला फळ धरणं जड जातं, आणि मे महिन्यात नांदेडचा पारा 42 ओलांडतो. अशा वेळी युरिया टाकला तर नुसता पाला माजतो. रोपं पावसाळा सरताना लावा. थंडीत झाड लगडतं.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो केवडा. या रोगाचा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्याला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ वाण आपल्याच मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिला. ‘पुसा सावनी’चा भेंडीच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून तो तयार झाला. आणि हो, कुंपणाची जास्वंद तपासा. भेंडी, अंबाडी, कापूस आणि जास्वंद एकाच कुळातली असल्याने जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण भेंडीवर सहज मुक्काम हलवतो.

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भेगाळताना मुळं तोडते. म्हणून गादीवाफा करा आणि वर सोयाबीनचं भुसकट अंथरा. लातूर भागात ते भरपूर मिळतं.

पाण्याचं मोल लातूरला कुणी सांगायला नको. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वे इथे पोचली होती. इथल्या परसाला मडकंच शोभतं. बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाका. मुळांना लागेल तसं ते झिरपतं. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ पोसायची जुनी रीत तर आहेच.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या भज्जीत रानातल्या हरभरा-तुरीसोबत परसातलं माळवंही पडावं, असं वाटत असेल तर वाल आणि गाजर ऑक्टोबर लागताच पेरा. मेथीला घाई नाही. ती महिन्याभरात हाताशी येते, तेव्हा नोव्हेंबरात पेरली तरी चालते.