‘नॅनो’: शब्द, वस्तू आणि वेष्टन

‘नॅनो’ हा उपसर्ग ‘खुजा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. मापनशास्त्रात तो अब्जांश दर्शवितो. म्हणजे नॅनोमीटर हा मीटरचा एक अब्जावा भाग होय. मराठी भाषकांत हा शब्द घरोघर पोचला तो मात्र २००९ साली बाजारात आलेल्या एका छोट्या मोटारीमुळे, आणि तेथे त्याचा अर्थ ‘लहान व स्वस्त’ एवढाच राहिला. शास्त्रात १ ते १०० नॅनोमीटर या मर्यादेतील कणांना सामान्यतः नॅनोकण म्हणतात. असे कण आज उन्हापासून रक्षण करणारी मलमे, पायमोजे, रंग, खाद्यपदार्थ यांत आढळतात. तेव्हा या शब्दावरून ग्राहकाला काय कळते, हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. तो आरोग्याचाही होतो.

एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला, तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर भरते. द्रव्य तेच, वजनही तेच. परंतु रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळे त्याचे वर्तन पालटू शकते. म्हणून मूळ पदार्थ निर्धोक आहे, तेव्हा त्याचे अतिसूक्ष्म चूर्णही निर्धोक असले पाहिजे, हे अनुमान टिकत नाही. तथापि कण लहान म्हणून घातकच, हे अनुमानही तितकेच सदोष होय. कणाचा आकार आणि शरीरातील त्याचा प्रवेशमार्ग या दोहोंचा विचार करावा लागतो. मलमातील झिंक ऑक्साइडचे कण निरोगी त्वचेच्या वरच्या थरातच राहतात, असे आजवरच्या परीक्षणांतून दिसते. तेच कण फवाऱ्यातून फुप्फुसात जाणे ही निराळी गोष्ट आहे. लांब व ताठ कार्बन-नलिका उंदरांच्या उदरपोकळीत घातल्या असता ॲस्बेस्टॉससारखा दाह होतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले.

नाव आणि वस्तू यांची फारकत दोन्ही दिशांनी होते. २००६ साली जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाचा, पृष्ठभागावर संरक्षक लेप देणारा फवारा वापरल्यानंतर सुमारे शंभर जणांना श्वसनाचा त्रास झाला. तपासणीत त्यात नॅनोकण आढळलेच नाहीत; ते नाव फवाऱ्याने बनणाऱ्या अतितलम पटलावरून दिलेले होते. याउलट मिठाई व च्युइंगगम यांना पांढरेपणा देणारे ‘ई १७१’, म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड, यातील काही अंश नॅनोकणांचा असतो; नावात मात्र त्याची खूणही नाही. या द्रव्याने जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली सांगितले आणि २०२२ साली युरोपीय संघाने अन्नात त्याचा वापर बंद केला. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने मात्र पूर्वीचीच अनुकूल भूमिका कायम ठेवली. एकाच पुराव्याचे वाचन अद्याप एकमुखी झालेले नाही.

वस्तू घराबाहेर गेल्यावरही तिचा प्रवास संपत नाही. दुर्गंधी टाळण्यासाठी पायमोज्यांत चांदीचे सूक्ष्मकण घालतात. २००८ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या एका अभ्यासात असे मोजे पाण्यात धुतले असता काहींतील जवळजवळ सर्व चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात तिचा बराच भाग सिल्व्हर सल्फाइड होऊन गाळात उतरतो. हे संयुग कमी विषारी असते. परंतु तो गाळ खत म्हणून शेतात गेला, तर चांदीही जमिनीत साचते.

जुलै २०१३ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या घटकसूचीत अशा द्रव्यापुढे कंसात ‘नॅनो’ लिहिणे बंधनकारक आहे. हा शब्द तेथे जाहिरातही नव्हे आणि धोक्याची सूचनाही नव्हे. तो केवळ एक विधान आहे. त्या विधानाचे मोल ते खरे असण्यात आणि वाचणाऱ्यास त्याचा अर्थ ठाऊक असण्यात आहे. पहिली गोष्ट कायद्याने साधते. दुसरी लोकभाषेतील सुबोध शास्त्रीय लेखनावाचून साधणार नाही.