दोन टक्क्यांचं पाणी

जालना जिल्ह्यात कुठे नवी विहीर खोदली जात असेल, तर काठावर टाकलेला ढीग निरखून पाहावा. सगळ्यात खाली पहिल्या दिवसाची काळी माती, तिच्यावर पिवळसर मुरूम, मग ठिकऱ्या उडालेला मांजऱ्या खडक आणि वर निळसर-काळ्या पाषाणाचे धोंडे. एखादा धोंडा फुटलेला असतो आणि त्याच्या पोटातून पांढरे स्फटिक चमकत असतात.

हा सगळा ढीग एकेकाळी उकळता रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडला, पसरला, थिजला. काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज उरलेला हा दख्खनचा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याच्यावर उभा आहे. प्रत्येक थर थिजताना आतले वायू वर येऊ पाहत होते. तव्यावरच्या भाकरीला वरच्या अंगाने पापुद्रा सुटून आत पोकळी राहते, तशी प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला बुडबुड्यांची जाळी राहिली आणि खालचा भाग घट्ट झाला. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला असेल, तर तिथे लालभडक गेरूसारखी मातीही सापडते.

एवढी भोकं असलेला खडक पाण्याने तुडुंब भरलेला असेल असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. बुडबुडे बहुतेक एकमेकांना जोडलेले नसतात. लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्यातले कितीतरी खनिजांनी बुजवून टाकले आहेत, ढिगातले ते देखणे स्फटिक म्हणजे पाण्याची बळकावलेली जागाच. पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. गंगेच्या मैदानातल्या वाळूच्या थरातून आकारमानाच्या १० ते १५ टक्के पाणी सहज निथळतं. आपल्या खडकातून निथळतं साधारण २ टक्के. एक घनमीटर खडकामागे फक्त २० लिटर.

पण हाच आकडा उलटा करून पाहा. जमिनीत २० मिलिमीटर पाऊस जास्तीचा मुरला, तर खालची पाण्याची पातळी एक मीटरने वर येते! २० मिलिमीटर म्हणजे एका बऱ्या सरीचं पाणी. जालन्यात वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला दहावा हिस्सा जरी मुरला, तरी विहिरी तीन-साडेतीन मीटरने चढतात. भांडं लहान असलं की थोड्या पाण्यानेही ते भरतं आणि तितक्याच थोड्या उपशाने रिकामं होतं. जालन्यात विहिरी इतक्या लवकर उतरतात आणि एका चांगल्या पावसाने इतक्या लवकर भरतात, त्यामागे हीच गोष्ट आहे. मला या खडकाची ही संवेदनशीलता थक्क करते. माणसाने शिवारात केलेल्या लहानशा बदलाची नोंद तो मीटरमध्ये ठेवतो.

या खडकात खोलवर हात घालायची कला पसरली, त्यातही जालन्याचा मोठा वाटा आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने दाबाच्या हवेवर चालणारं ड्रिलिंग यंत्र आणलं. त्याचा हातोडा थेट भोकाच्या तळाशी जाऊन पाषाण फोडतो, त्यामुळे आठवडेच्या आठवडे लागणारं काम दिवसा-दोन दिवसांवर आलं. मग अडचण निर्माण झाली पंपाची. तेव्हाचे बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापराच्या हिशेबाने घडवलेले होते. अख्खं गाव त्यावर लोटलं की ते मोडत. जालन्यात त्यांच्या जागी पोलादी पंप तयार झाला. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली, आणि त्याच घराण्यातून १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क-२’ जन्मला. पुढे तो आशिया-आफ्रिकेतल्या असंख्य खेड्यांत पोचला. आपल्या शाळेच्या आवारातला हापसा तोच.

हापसा तासभर हापसला तर सात-आठशे लिटर पाणी येतं. दंड दुखतो म्हणून माणूस थांबतो. विजेची मोटर तासाला हजारो लिटर उपसते आणि थांबत नाही. ड्रिलिंग तेच, पण हाताच्या जागी मोटर आली आणि दोन टक्क्यांच्या भांड्याचा हिशेब बिघडला. पाणी लागेना तसे बोअर खोल गेले. २००९च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे, तरी पाचशे-सातशे फुटांचे बोअर गावोगाव आहेत. खोलात पाण्याला जागा आणखीच थोडी असते आणि तिथे पाऊस पोचायला फार वेळ लागतो. शिवाय वरच्या थरातलं पाणी तोलून धरणाऱ्या लाल मातीला बोअरने भोक पडलं, तर ते पाणी खालच्या भेगांत उतरून जातं आणि शेजारची विहीर आटते. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या कित्येक बागा उभ्या वाळल्या. पावसाची ओढ मोठी होतीच, पण भांडं आधीच खरवडलेलं होतं.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, या गावाने सुमारे १,९०० हेक्टर शिवार माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधून काढलं. टेकडीवर सलग समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, ओघळींवर दगडी बांध, खाली नालाबांध. माथ्यापासून सुरुवात करण्यामागे फार सुंदर कारण आहे. खालची काळी माती पहिल्या पावसात भेगांमधून पाणी पिते, पण ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि नंतरचा पाऊस वरून वाहून जातो. टेकडीवर मात्र माती पातळ, मुरूम उघडा. मुरायचं दार तिथे आहे. पाणी धावायला लागण्याआधी तिथेच अडवलं, तर ते आत शिरतं आणि हळूहळू सरकत महिन्यांनी पायथ्याच्या विहिरीत झऱ्याच्या रूपाने उतरतं.

शेततळ्यांबद्दल मात्र सरसकट टाळ्या वाजवायला मी तयार नाही. वाहून जाणारं पाणी साठवलं तर शेततळं मोलाचं. पण प्लास्टिक अंथरलेलं तळं विहिरीतून मोटर लावून भरलं, तर सावलीत सुरक्षित असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं सुमारे २० लाख लिटर धरतं. जवळपास तीन हेक्टर जमिनीत वर्षभर मुरलेलं हे पाणी. भर उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन झालं, तर भरलेल्या तळ्यातून रोज ९ हजार लिटर पाणी वाऱ्यावर जातं. भूजल सगळ्या शिवाराचं असतं. तळ्यात आलं की ते एकट्याचं होतं, आणि त्यातलंही बरंच कुणाचंच राहत नाही.

हिवरेबाजारसारखी गावं पाण्याचा ताळेबंद मांडतात. तो कुठल्याही गावाला वही-पेनावर मांडता येईल. जालन्यातलं १,००० हेक्टर शिवाराचं एक गाव धरा. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये काही विहिरींची पातळी मोजा. सरासरी ३ मीटरने चढली असेल, तर १,००० हेक्टर गुणिले ३ मीटर, त्याचे २ टक्के: ६० कोटी लिटर पाणी जमिनीत आलं. गावात २,००० माणसं असतील आणि प्रत्येकाला रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पिण्या-वापरण्याला. उरले ५६ कोटी. उसाला हेक्टरी साधारण २ कोटी लिटर लागतं, त्यातलं ५० लाख पाऊस देतो असं मानू. मग या गावाचं उरलेलं सगळं भूजल ३७ हेक्टर उसात संपतं. तेच पाणी हरभऱ्याला ६०-६० मिलिमीटरच्या दोन पाळ्यांनी दिलं, तर साडेचारशे हेक्टरांना पुरतं.