२०२४ : कानांनी काय कमावलं

वर्षाची सुरुवातच वाईट झाली. ९ जानेवारीला कोलकात्यात उस्ताद राशिद खान गेले, १३ तारखेला पुण्यात प्रभाताई अत्रे. फेब्रुवारीत रेडिओवरचे अमीन सयानी. आणि वर्ष सरता सरता, १५ डिसेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोत तबलावादक झाकीर हुसेन. मधे ८ एप्रिलला कुमार गंधर्वांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. तेव्हा यंदा काय ऐकायचं हे बरंचसं याच माणसांनी ठरवलं. भोसरीला जाता-येता गाडीत मात्र धंद्यावरचे पॉडकास्ट. तिथे माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. गाणं आणि धंदा हे दोन कप्पे माझ्या डोक्यात आजवर वेगळे होते, यंदा ते एकमेकांत मिसळले. दोन्हीकडे एकच गोष्ट ऐकू येत होती. टिकलेल्या माणसांनी आणि पेढ्यांनी स्वतःला कुठेतरी आवर घातलेला होता.

प्रभाताई गेल्याचं कळलं त्या दिवशी त्यांची मारुबिहाग आणि कलावतीची जुनी रेकॉर्ड ऐकली. कलावती पाच सुरांचा राग, रिषभ आणि मध्यम वर्ज्य. एवढ्याशा जागेत त्या जी सरगम मांडतात ती ऐकताना जागा अपुरी आहे असं एकदाही वाटत नाही. त्यांनी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, आकाशवाणीत नोकरी केली आणि सरगमवरच डॉक्टरेट मिळवली. सरगम म्हणजे नुसती कसरत, असं म्हणणाऱ्यांनी ही रेकॉर्ड एकदा शांतपणे ऐकावी.

कुमारांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. क्षयानं आजारी पडून देवासला जाणं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, अंथरुणावर कानावर पडणारी माळव्यातली लोकगीतं आणि मग जवळजवळ एका फुप्फुसावर उभं केलेलं गाणं. यंदा मी ‘त्रिवेणी’ पुन्हा पुन्हा लावलं. कबीर, सूरदास, मीरा. सूर फेकून ते एकदम थांबतात, आणि त्या थांबण्यात पुढची ओळ आधीच ऐकू येते. श्वास आखूड झाला म्हणून असं गायले, हे खरं असलं तरी अर्धंच आहे. श्वास आखूड झालेले गवई पुष्कळ असतील. त्या आखूड श्वासाचीच शैली करणं हे कुमारांचं कर्तृत्व.

पॉडकास्टांत यंदा सर्वांत जास्त तास गेले ते ‘अक्वायर्ड’वर. बेन गिल्बर्ट आणि डेव्हिड रोझेन्थाल हे दोघं अमेरिकेत बसून एकेका कंपनीचा इतिहास तीन-तीन, चार-चार तास सांगतात. इंग्रजी सरळ आहे, तयारी कसून केलेली असते. त्यातले दोन भाग मी ओळखीच्या प्रत्येक कारखानदाराला पाठवले. पहिला कॉस्टकोवरचा. अमेरिकेतलं हे घाऊक दुकान, सभासद झाल्याशिवाय आत प्रवेश नाही. साधारण मोठ्या सुपरमार्केटात याच्या कितीतरी पट जिन्नस असतात, इथे फक्त चारेक हजार. आणि नियम असा की खरेदीच्या भावावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त चढवायचे नाहीत, स्वतःच्या ब्रँडवर फार तर १५. माल स्वस्त मिळाला तर तो फायदा गिऱ्हाइकाचा. कंपनीचा बराचसा नफा येतो सभासदांच्या वर्गणीतून.

आमच्या लाइनीत कागदाचा भाव चढला की पार्टीला त्याच दिवशी फोन जातो, उतरला की मात्र सगळे गप्प. यंदा भाव उतरल्यावर एका जुन्या पार्टीला मी आपणहून कमी केलेला रेट पाठवला. त्यांच्या परचेसवाल्यानं दोनदा फोन करून विचारलं, टायपिंगची चूक तर नाही ना? पुढच्या ऑर्डरीला त्यांनी दुसरीकडून कोटेशनच मागवलं नाही.

दुसरा भाग एर्मेसवरचा. पॅरिसमध्ये १८३७ साली घोड्यांचं खोगीरसामान करणारं हे दुकान, आज लाखो रुपयांच्या पिशव्या विकतं. एक पिशवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर शिवतो. मागणी कितीही वाढली तरी चांगला कारागीर घडायला लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि तो ते लागू देतात. कॉस्टको सर्वांत स्वस्त, एर्मेस सर्वांत महाग, पण हावेला लगाम दोघांनीही घातलेला. २०१० साली लुई व्हितॉंच्या मालक कंपनीनं गुपचूप एर्मेसचे शेअर जमवल्याचं उघड झालं, तेव्हा दूर पांगलेल्या चुलत घराण्यांनी एकत्र येऊन निम्म्याहून अधिक शेअर एका कंपनीत बांधून टाकले. भाऊबंदकीनं बसलेले धंदे आपण इतके पाहिले आहेत की हा भाग मी दोनदा ऐकला.

उलटं उदाहरण आपल्याच रेडिओचं. अमीन सयानी गेले तेव्हा आईच्या ‘कारवाँ’ या गाण्यांच्या डब्यावर ‘गीतमाला’ ऐकत बसलो होतो. १९५२च्या सुमाराला माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. केसकर शास्त्रीय संगीताचे कळकळीचे कैवारी, आकाशवाणीच्या संगीत संमेलनांसाठी मी त्यांचा ऋणीच आहे. पण त्यांनी आवर घातला तो श्रोत्यांना. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, त्यांच्यामागे टूथपेस्टच्या जाहिराती गेल्या आणि सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली. विविध भारती सुरू झाली १९५७ साली आणि तिच्यावर जाहिराती यायला १९६७ उजाडलं, पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपुरात. दुकानदारानं आपल्या आवडीचाच माल ठेवला तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं, इतकं हे साधं आहे. ज्या कारवाँवर मी हे ऐकत होतो तो डबा २०१७ साली आला. त्यात ५,००० गाणी आधीच भरलेली, शोधायचं काही नाही. मोबाइलवर हवं ते गाणं मिळत असताना लोकांनी तो विकत घेतला. आईला लाखो गाणी नको होती, तिची गाणी हवी होती.

मराठी पॉडकास्ट आता पुष्कळ झाले आहेत, ‘मित्रम्हणे’ आणि ‘थिंक बँक’ मी नेमानं ऐकतो. उद्योजकांच्या मुलाखतींत मात्र एक गोष्ट खटकत राहते. संघर्ष तपशिलात येतो, आकडे येत नाहीत. उधारी किती दिवसांची, पहिला मोठा चेक परत गेला तेव्हा पगार कुठून दिले, मार्जिन काय राहतं, हे विचारणारा मुलाखतकार आपल्याला हवा आहे. भोसरी-चाकणला ऐकणारे हजारो कान तयार आहेत.

४ फेब्रुवारीला झाकीरभाईंना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले तेव्हा त्यांच्या ‘शक्ती’ या बँडचा ‘धिस मोमेंट’ ऐकला होता. डिसेंबरात मात्र मी त्यांच्या साथीकडे वळलो. शिवकुमार शर्मांबरोबरचा मधुवंती घ्या. संतूर बोलत असतं तोवर ठेका स्वच्छ, बायाचा एखादाच हुंकार, बाकी काही नाही. जगातला सर्वांत चपळ हात समोरच्याचं वाक्य पुरं व्हायची वाट पाहतो, आणि मग मिळालेल्या चार आवर्तनांत जे सांगायचं ते सांगून समेवर परत येतो. या माणसानं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘मोमेंट रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढून मैफलींची ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध केली, हेही धंद्याच्या पॉडकास्टवाल्यांनी कधीतरी सविस्तर सांगावं. ज्यांनी झाकीरभाईंचं फक्त एकलवादन ऐकलंय त्यांनी या मधुवंतीपासून सुरुवात करावी. तोही हेडफोनवर, कारण गाडीच्या आवाजात बायाचा तो हुंकार बुडून जातो.