चिंचोक्यांचे गणित

मराठीच्या प्राध्यापकाने गणिताच्या अध्यापनावर बोलावे, हा अव्यापारेषु व्यापार आहे याची मला जाणीव आहे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला १९६१-६२ साली याच शाळेत गणित शिकविले. त्यांचे ऋण मान्य करावयाचे, तर दुसरा विषय मला सुचत नाही.

गुरुजी वर्गात येत ते चिंचोक्यांची पिशवी घेऊन. एके दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक चिंचोका पाटीवर ठेवावयास सांगितले. ‘हा झाला सर्वांत लहान चौरस. आता याहून मोठा करा. किती लागले?’ तीन. ‘त्याहून मोठा?’ आणखी पाच. मग सात. कुणीतरी म्हणाले, ‘गुरुजी, या तर विषम संख्या आहेत!’ गुरुजींनी केवळ मान हलविली आणि विचारले, ‘पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज किती होईल? चिंचोके न मांडता सांगा.’ शंभर, असे तीन-चार आवाज उठले. उत्तर बरोबर होते. तरी गुरुजी ‘शाबास’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले, ‘कशावरून?’

त्या ‘कशावरून’ने आमचा उरलेला तास घेतला. अखेर एका मुलाच्या ध्यानी आले की, प्रत्येक वेळी आपण चौरसाच्या दोन बाजूंना कुंपण घालतो आणि कोपऱ्यात एक चिंचोका जास्तीचा लागतो. तीनच्या चौरसावरून चारच्या चौरसावर जावयाचे, तर तीन, तीन आणि कोपऱ्याचा एक, असे सात. चारावरून पाचावर जाताना चार, चार आणि एक, म्हणजे नऊ. म्हणूनच प्रत्येक नवे कुंपण पुढची विषम संख्याच असते आणि बेरीज नेहमी चौरसच राहते. सुताराच्या गुण्यासारख्या या आकाराला प्राचीन ग्रीक गणिती ‘नोमोन’ म्हणत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या वर्गात त्याचे नाव ‘कुंपण’ असेच राहिले. आणि मला अजूनही तेच अधिक बरे वाटते. मुलाने स्वतःच्या बोलीत ठेवलेले नाव त्याला कारणापर्यंत पोहोचविते.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याला उद्गामी पद्धती म्हणतात : आधी उदाहरणे, मागाहून नियम. पण गुरुजी तेथे थांबणारे नव्हते. पुढल्या आठवड्यात त्यांनी वर्तुळ काढावयास लावले. वर्तुळावर बिंदू घ्यावयाचे, प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंशी जोडावयाचा आणि आतले भाग मोजावयाचे. अट एकच : आत कोठेही तीन रेषा एका बिंदूत मिळता कामा नयेत. दोन बिंदूंना २ भाग, तीनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना किती? साऱ्या वर्गाने एकमुखाने ३२ सांगितले. ‘मोजा,’ गुरुजी म्हणाले. आम्ही पाच-सहा वेळा मोजले. ३१ भरले. (ज्यांनी बिंदू नीट समान अंतरावर घेतले, त्यांच्या तीन रेषा मध्यभागी एकत्र आल्या आणि त्यांचे ३०च भरले, हा आणखी एक गोंधळ!) आकृतिबंध दिसणे निराळे आणि तो सिद्ध होणे निराळे, हे त्या दिवशी आम्हांला कुणी सांगितले नाही, आम्ही ते मोजले.

जॉर्ज पोल्या यांचे ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे १९४५ सालचे पुस्तक माझ्या हाती आले तेव्हा मी प्राध्यापक झालो होतो. हंगेरीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन केलेल्या या गणितज्ञाने उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. यांतली चौथी आपल्या वर्गांतून हद्दपार झालेली आहे. उत्तर मागच्या पानाशी जुळले की वही मिटते. हेच दुसऱ्या रीतीने निघेल काय, ही रीत दुसरीकडे चालेल काय, हे विचारावयास तासिकेत सवड नसते. शिक्षकाने मदत किती करावी, याविषयीही पोल्या यांचे म्हणणे मार्मिक आहे. मदत फार झाली तर विद्यार्थ्याला करावयास काही उरत नाही. फार थोडी झाली तर तो जागीच अडतो.

हे दुसरे टोकही विसरता येत नाही. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा अभ्यासकांनी, नवशिक्याला मार्गदर्शनावाचून शोधावयास सोडणे फलदायी होत नाही, असे साधार मांडले. मला ते पटते. पाढे पाठ हवेतच. ज्याची सारी शक्ती सात आठे किती यात खर्च होते, त्याला कुंपण कोठून दिसणार? गुरुजींचे चिंचोके मोकळे सोडलेले नव्हते. कोणता प्रश्न केव्हा विचारावयाचा आणि केव्हा गप्प बसावयाचे, याची त्यांची तयारी आदल्या रात्रीची असे.

मला ही सोबत एकच वर्ष लाभली. वडिलांची बदली झाली. नव्या गावच्या शाळेत सूत्र फळ्यावर येई, चुकीच्या उत्तराला छडी मिळे आणि ‘कशावरून’ विचारणारा आगाऊ ठरे. दोन वर्षांत मी गणिताला भिऊ लागलो आणि ती भीती आयुष्यभर बाळगली. मराठीकडे वळलो याचे दुःख नाही. पण माझी कन्या आठवीत असताना भूमितीची वही घेऊन आली, तेव्हा ‘गणित आपल्या घराण्यात नाही’ असे मी हसत म्हणालो. तिने ते खरे मानले. आज ती पन्नाशीला टेकली आहे आणि बँकेचा साधा हिशेबही दुसऱ्याकडून तपासून घेते.

गेल्या दिवाळीत तिची लेक आली होती. मी चिंचोके मांडून चौरसाची गंमत दाखविली. तिने विचारले, ‘आजोबा, सम संख्या घेतल्या तर?’ दोन, मग चार, मग सहा असे ती मांडू लागली. चौरस होईना; एक ओळ सारखी वाढत होती. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी उठून आत पाणी प्यावयास गेलो. बाहेर आलो तो तिच्या शेजारी तिची आई बसली होती आणि दोघी मोजत होत्या.