बाळंतविड्यातला क्रोशाचा हत्ती

क्रोशाने विणलेले भरीव खेळणे बाळंतविड्यात तसे अलीकडेच आले. कुंची, टोपडे, झबले, दुपटे, लंगोट, पायमोजे हा विड्याचा जुना ऐवज. त्यातली टोपडी, मोजे आणि स्वेटर पूर्वीपासून घरीच विणत. खेळणे म्हणून खुळखुळा, पांगुळगाडा किंवा पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या असत. सुताचा ससा, हत्ती किंवा अस्वल विणून बारशाला न्यायची पद्धत मागाहून रुळली. या खेळण्यांची धाटणी जपानची आहे आणि तिकडचे अमिगुरुमी हे नावच आता सगळीकडे चालते. त्यासाठी लागणारे हात मात्र मराठी घरांत आधीपासूनच तयार होते. दाराची तोरणे, ताटावरचे रुमाल, टेबलक्लॉथ, रुखवतात मांडायच्या वस्तू असे कितीतरी काम पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाच्या सुईवर होत आले आहे.

वडाळा आणि शीव कोळीवाडा यांच्यामधल्या अँटॉप हिलमध्ये अशा भेटीला भरपूर निमित्ते मिळतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएस वसाहतीच्या सात सेक्टरांत देशभरातून बदलीवर आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. जवळच कोकरी आगारची दाट वस्ती आहे, प्रतीक्षा नगर आहे आणि जीटीबी नगरला फाळणीनंतर पंजाबी-सिंधी निर्वासितांची वसाहत वसली. उत्तरेकडच्या बायका दोन सुयांवर लोकर विणतात, मराठी बायकांचा हात क्रोशावर बसलेला असतो. शेजारच्या घरी बाळ आले की दोघींच्या पिशव्यांतून सुया बाहेर निघतात. दुपारी घरातली कामे आटोपली की मुलांच्या शाळा सुटेपर्यंतचा वेळ या कामाचा असतो.

तोरण विणणाऱ्या हाताला हे खेळणे विणताना एक सवय मोडावी लागते. तोरणाची शोभा जाळीत असते. साखळ्या आणि उंच खांब यांच्यामधल्या मोकळ्या जागेतूनच नक्षी उठते, म्हणून तिथे हात सैल ठेवतात. खेळण्यात मोकळी जागा हा दोष ठरतो. त्या जागेतून आतले भरण बाहेर डोकावते आणि बाळाचे बोट किंवा ओठ तिथे पोहोचतो. चार-पाच महिन्यांचे बाळ हाती येईल ती वस्तू तोंडात घालते. दोरा कोणता, सुई केवढी, डोळे कशाचे, पाय कसे जोडायचे हे सगळे या एका गोष्टीवरून ठरते. शोकेसमध्ये ठेवायचा हत्ती आणि बाळाच्या हातात द्यायचा हत्ती दिसायला सारखे असले तरी घडणीत वेगळे असतात.

पहिली निवड दोऱ्याची. बोलताना सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण बाजारातली बरीचशी लोकर अॅक्रिलिकची असते. ती हलकी, स्वस्त आणि लवकर वाळणारी असली तरी वापरून तिच्यावर गोळे धरतात आणि सुटे तंतू तोंडात जातात. मखमली किंवा केसाळ लोकर हाताला फार छान लागते, पण तिचे केस गळतात. बाळासाठी ती घेऊ नये. सुती दोरा जड असतो आणि वाळायला वेळ घेतो, पण तो गुळगुळीत राहतो, त्याचा टाका ठळक उठतो आणि गरम पाण्यातली धुलाई त्याला सोसते. सुतात अॅक्रिलिक आणि दुधाच्या प्रथिनापासून काढलेला तंतू मिसळलेला ‘मिल्क कॉटन’ हा मधला पर्याय आहे. हे दोरे दादरच्या बाजारात मिळतात. रंगांची जास्त निवड हवी असेल तर क्रॉफर्ड मार्केट आणि भुलेश्वरकडे जावे लागते. लाल, काळा आणि गडद निळा दोरा विणण्याआधी तपासून घेतात. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबायचा. फडक्यावर डाग उमटला तर तो गुंडा या कामाचा नाही.

दुसरी निवड सुईची. दोऱ्याच्या वेष्टनावर जी सुई सुचवलेली असते तिच्यापेक्षा एक-दोन आकारांनी बारीक सुई खेळण्याला लागते. ज्या दोऱ्याचा स्वेटर साडेतीन मिलिमीटरच्या सुईवर विणतात, त्याच दोऱ्याचे खेळणे अडीचच्या सुईवर विणतात. हाताला जोर जास्त पडतो आणि पहिल्या दिवशी अंगठा दुखतो. विणलेला तुकडा बोटावर ताणून उजेडात धरला आणि त्यातून कातडी दिसली नाही, म्हणजे वीण जमली.

संपूर्ण खेळणे एकाच टाक्याने विणले जाते. तो टाका म्हणजे मुका खांब. सुई आधीच्या फेरीतल्या टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, म्हणजे सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढायचा. टाक्यातून दोरा ओढताना तो सुईवरून वळवून घेतला तर टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. सुईने दोऱ्याला वरून पकडले, म्हणजे दोरा सुईखाली राहिला, तर टाका फुलीसारखा दिसतो आणि किंचित आवळ बसतो. खेळण्यासाठी बऱ्याच जणी फुलीचा टाका पसंत करतात. विणकामाची सुलट बाजू बाहेर राहील याकडेही लक्ष ठेवावे लागते. उलट बाजूवर आडव्या दांड्या दिसतात आणि तिथून टाके कमी केलेल्या जागा उघड्या पडतात.

सुरुवात दोऱ्याच्या सरकत्या वेटोळ्यापासून होते. त्याला ‘मॅजिक रिंग’ म्हणतात. वेटोळ्यात 6 मुके खांब घालून शेपटाकडचा दोरा ओढला की मधले भोक पूर्ण मिटते. चार साखळ्यांची कडी करून सुरुवात केली तर मध्ये भोक उरते, म्हणून रुमालाची ती पद्धत इथे चालत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब घालून 12, तिसरीत एक सोडून एक टाक्यात वाढ करून 18, मग 24, 30, 36. दर फेरीला 6 टाके वाढतात यामागे भूमिती आहे. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली की त्याचा परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पटीने वाढतो. मुका खांब साधारण जितका उंच तितकाच रुंद असतो, त्यामुळे नव्या परिघावर सहाच्या आसपास जादा टाके मावतात. चारच वाढवले तर विणकाम वाटीसारखे वर वळते, आठ वाढवले तर कडेला झालर पडते. वाढ दर फेरीला एकाच जागी आली तर वर्तुळाला सहा कोपरे फुटतात. म्हणून जाणत्या विणकर एकाआड एका फेरीत वाढीची जागा अर्ध्या अंतराने पुढे सरकवतात.

फेऱ्या जोडत नाहीत, त्या गोल जिन्यासारख्या वर चढत जातात. त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवतात आणि दर फेरीला ती वर हलवतात. मोजणी चुकली तर पिनेपर्यंत उसवावे लागते. क्रोशात सुईवर एकच फास शिल्लक असतो, त्यामुळे उसवणे सोपे आणि निर्धास्त असते.

हत्ती सोंडेच्या टोकापासून विणायला घेतात. सोंड, डोके आणि धड सलग आले की सर्वांत जास्त ओढला जाणारा अवयव शिवणीवर अवलंबून राहत नाही. 6 टाक्यांच्या वेटोळ्यानंतर एकाआड एक वाढ करून 9 टाके होतात आणि त्याच 9 टाक्यांवर आठ-दहा फेऱ्या सरळ जातात. ही झाली बाळाच्या मुठीत मावणारी सोंड. पुढे 12, 18, 24, 30, 36 अशी वाढ करत डोके फुगते, सहा-सात फेऱ्या 36 वर सरळ विणतात आणि मग घट सुरू होते. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक करणे. दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घेतले तर घट दिसत नाही आणि तिथे फट पडत नाही. मानेला 24 टाके ठेवतात. त्याहून कमी केले तर मान बारीक होते आणि डोके लोंबते. मानेनंतर पुन्हा वाढ करून 42 टाक्यांचे धड विणले जाते आणि ते मागच्या बाजूला 6 टाक्यांवर मिटते. असा हत्ती वीतभरापेक्षा थोडा लहान होतो. सवयीच्या हाताला तो चार-पाच दुपारींत पुरा करता येतो.

भरण विणतानाच घालत जातात. पूर्वी कापूस किंवा चिंध्या भरत. कापसाचे धुतल्यावर गोळे होतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो आतून वाळतच नाही, मग कुबट वास येतो आणि बुरशी धरते. पॉलिएस्टर फायबर पाणी धरत नाही, म्हणून तोच वापरतात. तो मूठभर एकदम कोंबला तर गाठी होतात. चिमूट चिमूट पिंजून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कडेला सरकवत नेला तर पोत एकसारखा राहतो. सोंड रिकामी किंवा अगदी हलकी भरतात, मान घट्ट भरतात. मणी, तांदूळ, घुंगरू यांपैकी काहीही आत घालत नाहीत. वीण कधीकाळी उसवली तर ते थेट बाळाच्या तोंडात जाईल.

पाय वेगळे विणून धडाला जोडतात. पायाच्या कडेचा प्रत्येक टाका धडाच्या टाक्यात गुंतवून, त्याच दोऱ्याने दोन वेळा फिरून शिवतात. कान म्हणजे दोन चपट्या चकत्या, त्यांत भरण नसते. शेपटी बोटभर साखळीची आणि तीही दुहेरी विणलेली. ती लांब ठेवत नाहीत, कारण लांब दोर बाळाच्या बोटाला किंवा गळ्याला गुंडाळला जाऊ शकतो. शेवटी उरलेला दोरा बोथट सुईत ओवून धडातून तीन-चार दिशांनी आरपार नेतात आणि मगच कापतात. वरवर मारलेली गाठ धुलाईत सुटते.

डोळ्यांच्या बाबतीत तडजोड नको. बाजारात प्लास्टिकचे चकचकीत डोळे मिळतात. त्यांच्या मागे चकती दाबून बसवली की ते निघत नाहीत असे सांगतात. पण डोळा चकतीपासून सुटला नाही तरी त्याच्या भोवतालचा टाका सैल होऊ शकतो आणि मग डोळा चकतीसकट बाहेर येतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत गिळता येतील असे सुटे भाग नसावेत, हे खेळण्यांच्या मानकांतले मूळ तत्त्व आहे. ते तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाचे छोटे नळकांडे वापरतात. जो भाग त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असे धरतात. म्हणून बाळाच्या हत्तीचे डोळे काळ्या सुती दोऱ्याने भरतात. सात-आठ टाके एकमेकांवर घट्ट घालून उठावदार ठिपका येतो, आणि कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका दिला की नजर जिवंत होते.

विक्रीच्या खेळण्यांसाठी भारतात 1 जानेवारी 2021 पासून गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे आणि भारतीय मानक ब्यूरोचे (बीआयएस) चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. घरी विणून दिलेल्या भेटीला असा शिक्का लागत नाही, त्यामुळे तपासणीची जबाबदारी विणणाऱ्यावरच येते. खेळणे पुरे झाले की प्रत्येक पाय, कान आणि सोंड धरून मोठ्या माणसाच्या जोराने ओढतात. एकदा धुऊन, वाळवून पुन्हा ओढतात. शिवण जराही हलली तर उसवून पुन्हा घालतात.

अशाच काटेकोर नियमांनी विणलेल्या खेळण्याचे एक उदाहरण रुग्णालयांतले आहे. डेन्मार्कमध्ये 2013 साली स्वयंसेवकांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. त्याच्या पिळदार बाहूंना धरले की बाळ नळ्या आणि वायरी ओढत नाही, असा त्यामागचा विचार. त्याचा वैद्यकीय फायदा पक्का सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पण दोरा पूर्ण सुती, खेळणे 60 अंशांच्या पाण्यात धुता येणारे, बाहू ताणल्यावर 22 सेंटिमीटरपेक्षा लांब नाहीत आणि विणीत एकही भोक नाही, हे नियम घरच्या खेळण्यालाही लावण्यासारखे आहेत. अँटॉप हिलच्या जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. 1989 साली तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, आणि नाजूक नवजात बाळांची काळजी हा तिथला जुना वसा आहे. रुग्णालयातल्या बाळासाठी काही विणायचे असेल तर आधी तिथल्या परिचारिकांना विचारावे. जंतुसंसर्गाच्या भीतीने बाहेरची वस्तू अनेकदा आत घेत नाहीत.

हत्ती बारशाला दिला तरी तो लगेच पाळण्यात ठेवायचा नसतो. पहिले वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणी, उशा, सैल पांघरुणे ठेवू नयेत असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण नाकातोंडावर आलेली मऊ वस्तू लहान बाळाला दूर सारता येत नाही. जागे असताना, कुणी समोर बसलेले असताना खेळणे हातात द्यावे. तान्ह्या बाळाला वीतभर अंतरावरचे उत्तम दिसते आणि ठळक रंगभेद आधी कळतो, म्हणून राखाडी अंगावर पांढरे कान किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पाय उपयोगी पडतात. मुठीत धरणे जमले की सोंड कामी येते.

धुताना हत्ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने दाबून धुवावा, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढावे आणि पंख्याखाली आडवा ठेवून, मधून मधून उलटत, आतपर्यंत वाळवावा. पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात. सोंड किंवा पायाची शिवण सैल वाटली तर दुरुस्त होईपर्यंत खेळणे बाजूला ठेवावे. त्यासाठी भेट देतानाच त्याच गुंड्यातला दोन-तीन हात दोरा आणि कोणता दोरा, कोणती सुई वापरली याची चिठ्ठी सोबत द्यावी. दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने केलेली डागडुजी दिसते, पण चालते. पातळ शिवणदोऱ्याने केलेली मात्र टिकत नाही.