उन्हावर चालणारे घड्याळ

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला उशीर झाला की रोज कापला जाण्याची धास्ती असते. तेथे मनगटावरचे घड्याळ हा दागिना नव्हे, अवजार आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळे होऊ लागली. त्यांना रोज सकाळी किल्ली दिली की दिवसाची चिंता मिटे. क्वार्ट्झ आले आणि किल्ली गेली. पण दोनतीन वर्षांनी सेल संपतो, मागचे झाकण उघडावे लागते, आणि झाकणाखालचे रबरी कडे नीट बसले नाही तर पहिल्याच पावसात काचेवर आतून बाष्प धरते.

त्याच सिटिझनने १९७६ मध्ये काट्यांचे सौर घड्याळ बाजारात आणले. तबकडीखालचा सौरघट प्रकाशापासून वीज करतो. ती पुन्हा भारित होणाऱ्या सेलमध्ये साठते. झाकण वर्षानुवर्षे उघडावे लागत नाही, हाच त्याचा खरा टिकाऊपणा. त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत, असे आमचे मत आहे.

मात्र विक्रेता एक गोष्ट क्वचितच सांगतो. भर उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो, कचेरीतील दिव्याखाली पाचशेच्या आसपास. उन्हात मिनिटांत मिळणारी वीज दिव्याखाली तासांनी मिळते. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याचे, किंवा लांब बाहीखाली झाकलेले घड्याळ उपाशीच राहते. लग्नात मिळालेले घड्याळ कपाटात जपण्याची आपली रीत तर त्याला मारकच! अशांनी सुटीच्या दिवशी ते खिडकीत ठेवावे. तापलेल्या पत्र्यावर मात्र नव्हे, कारण अति उष्णता सेलला सोसत नाही.