परकी मत्स्यजाती आणि मराठवाड्यातील जलाशय
जलाशयात नवी मत्स्यजाती सोडताना उत्पादनाइतकाच विचार तिच्या प्रजननाचा व्हावयास हवा. गोदावरी खोऱ्यातील स्थानिक कार्प मासे बहुधा वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या पुरात, अंडी घालतात. भारतात १९५२ मध्ये आणलेला आफ्रिकी तिलापिया, म्हणजेच मच्छीमारांचा ‘चिलापी’, पुरावर अवलंबून नसतो. तो काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो व संथ पाण्यातही वर्षातून अनेकदा अंडी घालतो. मादी अंडी व पिले मुखात सांभाळीत असल्याने त्यांपैकी बरीच जगतात.

अवर्षणप्रवण मराठवाड्यात हा भेद निर्णायक ठरू शकतो. २०१६ मध्ये मांजरा जलाशय आटल्याने लातूरला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा काळात पुराअभावी स्थानिक माशांचे प्रजनन खुंटते. उरलेल्या डोहांतील अल्प प्राणवायूत चिलापी मात्र तग धरतो. जलाशय पुन्हा भरताच अन्न व जागा प्रथम त्यालाच लाभते. पुढे दाटी झाली की तो खुजा राहतो आणि मच्छीमारांच्या हाती बाजारात न खपणारे लहान मासे येतात.

हा धोका एका जलाशयापुरता मर्यादित नाही. मांजरा नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत गोदावरीस मिळते. सांडव्यावाटे निसटलेला मासा परत आणता येत नाही. म्हणून परकी जात सोडण्यापूर्वी अवर्षणाच्या वर्षात तिचे वर्तन कसे राहील, याची परीक्षा होणे अगत्याचे आहे.